ते आभार होते

लग्नपत्रिका हातात आली की तो ती शेवटपर्यंत वाचायचा. निमंत्रक, व्यवस्थापक, किलबिल आमंत्रण, सगळं. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असलं तर तेही मोठ्यानं.

साहेबांचा फोन आला की उठून उभा राहायचा. जेवत असला तरी.

चहा सांगितला की पहिला कप सगळ्यात उशिरा आलेल्या माणसाला द्यायचा.

गुरुवारी सुट्टी असायची. तेव्हा तो गाडी धुवायचा. शेजारची गाडी मळलेली दिसली तर तीही धुऊन टाकायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, पाऊस पडून गेला असेल.

कुणाचीही ओळख करून देताना त्या माणसाला एक पायरी वर चढवायचा. वॉचमन त्याच्या तोंडी सुरक्षाप्रमुख असायचा. कोपऱ्यावरचा वडेवाला उद्योजक.

असा ज्योतीराम. औसा तालुक्यातून चाकणला आलेला, निघोज्याच्या एका कारखान्यात ऑपरेटर, कुरुळीत भाड्याच्या दोन खोल्यांत बायको दीपमालासोबत राहणारा. वरच्या मजल्यावर प्रज्वल राहायचा. तो मराठीत एम.ए. झालेला होता आणि पिंपरीतल्या एका छोट्या प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचा. ज्योतीराम त्याची ओळख 'आमचे साहित्यिक' अशी करून द्यायचा. प्रज्वलच्या नावावर छापलेली एक ओळही नव्हती. त्यानं सुरुवातीला हरकत घेतली, मग सोडून दिलं. ज्योतीरामनं दिलेली पदवी परत करता यायची नाही.

माइक म्हणजे ज्योतीरामचा जीव. गणेशोत्सव असो, कुणाची निवृत्ती असो, सूत्रसंचालन त्याच्याकडे. आणि आभारप्रदर्शनात तर त्याचा हात कुणी धरू शकायचं नाही. लोक एरवी आभाराला उठून चपला शोधायला लागतात. ज्योतीराम आभार मानायला उभा राहिला की बसून राहायचे, कारण त्यात आपलंही नाव येईल अशी प्रत्येकाला आशा असायची. बहुतेक वेळा यायचंही.

या माणसाचं नाव पुसलं गेलं. कसं, ते सांगायला हवं.

कारखान्यात गाड्यांचे पाइप बनायचे. पाइपच्या तोंडाशी आटे असतात आणि आट्यांच्या मागे एक खाच. त्या खाचेत रबराची रिंग बसवायची. काम सगळं हातानं. रिंग आट्यांवरून ओढताना कातरली जायची आणि मग तो पाइप गळायचा. ओढणाऱ्या बायकांची बोटं सोलून निघायची. लाइनवरच्या अंबुबाई दहाही बोटांना चिकटपट्ट्या लावून यायच्या. मोठमोठ्या मशिनांची कोटेशनं आली होती, पण ती कागदावरच राहिली होती.

दीपमालाच्या भाचीचं लग्न निघालं. ज्योतीराम दीपमालाला बांगड्या भरायला चाकणच्या बाजारात घेऊन गेला. तिचा हात कामानं कडक झालेला. कासारानं एक पातळ प्लास्टिकची पिशवी तिच्या हातावर चढवली. तिच्यावरून बांगडी अलगद सरकवली आणि मग पिशवी ओढून काढली. बांगडी मनगटात राहिली. दीपमाला सांगते, हे बाजारात उभ्या उभ्या हसायला लागले. कासाराला वाटलं, आपल्यालाच हसताहेत. तो चिडला. तर यांनी त्याला नमस्कार केला आणि अजून एकदा भरून दाखवा म्हणाले. तिच्या हातात दोन बांगड्या जास्तीच्या गेल्या.

नंतर किती तरी दिवस त्यांच्या घरात दुधाच्या पिशव्या टिकेनात. कापून, गुंडाळून, पाइपच्या तुकड्यावर चढवून बघणं चाललेलं. प्रज्वलनं स्वतः तो तुकडा हातात धरून ठेवलाय. ओळखीच्या मीरासाहेबांच्या छोट्या वर्कशॉपात एका चिवट प्लास्टिकची टोकदार टोपी बनली, बाजूनं चिरलेली. रिंग टोपीवरून घसरत खाचेत जायची. टोपी ओढली की चिरेतून सुटून हातात यायची आणि रिंग जागेवर. मीरासाहेब मजुरीचं नाव काढू देईनात. म्हणाले, "तुमच्या बायकोच्या बांगड्यांनी मला कामाला लावलंय राव, त्यांनाच विचारा काय द्यायचं ते."

विभागप्रमुख होते बबनराव. त्यांनी एक काम केलं आणि ते काम छोटं नव्हतं. वरून परवानगी नसताना त्यांनी लाइन थांबवून टोपी वापरून बघू दिली. त्या दिवशी उत्पादन कमी भरलं. बोलणी त्यांनी खाल्ली. हे ज्योतीराम कधी विसरला नाही.

टोपी चालली. लाइनवर तिला 'ज्योतीरामची पिशवी' असंच म्हणायचे. अंबुबाईंच्या चिकटपट्ट्या गेल्या.

पुढं चिंचवडच्या एका सभागृहात क्वालिटी सर्कलची स्पर्धा झाली. कारखान्याकारखान्यांतले गट येतात, आपण काय सुधारणा केली ते नाटुकलं करून, गाणं म्हणून सांगतात. ज्योतीरामच्या गटाला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल हातात घेऊन तो माइकपाशी गेला. ते भाषण कुणी तरी मोबाइलवर घेतलं. इमारतीत सगळ्यांनी पाहिलं, प्रज्वलनंही पाहिलं. ज्योतीराम म्हणाला:

"मित्रहो, ही कल्पना आमची नाही. ही कल्पना आमच्या बबनराव साहेबांची. ते डोकं, आम्ही नुसते हात."

सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. पुढच्या रांगेत बबनराव डोळे पुसत होते. प्रज्वललाही भाषण आवडलं. त्यानं ते आईला पाठवलं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी कँटीनच्या दाराशी एक चकचकीत बोर्ड लागला. वर लिहिलेलं, 'आमचे शोधक'. मध्ये त्या टोपीचं चित्र. खाली पेटंटच्या अर्जाचा क्रमांक आणि तीन फोटो. एक प्लांट हेड. एक बबनराव. एक बाहेरचे सल्लागार, जे लाइनवर एकदा येऊन हातमोजे विसरून गेले होते.

ज्योतीरामनं आधी बबनरावांचं अभिनंदन केलं. मग हार कुठून आणायचा ते विचारलं. मग दुसरा बोर्ड कुठं लावलाय ते बघायला कँटीनच्या मागच्या दारापर्यंत गेला. त्याला वाटलं, साहेब लोकांचा एक बोर्ड असेल, कामगारांचा एक असेल. मागच्या दाराशी ताटं धुण्याची जागा होती.

संध्याकाळी तो जिन्यात भेटला. हे सगळं त्यानं हसत सांगितलं. सांगता सांगता खाली पायरीवर बसला.

प्रज्वलला एक पुस्तक आठवलं.

प्रकाशकाकडे काही महिन्यांपूर्वी एक जाडजूड पुस्तक आलं होतं. बौद्धिक संपदेच्या कायद्यावरचं, मराठीतलं. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, डिझाइन. प्रज्वलनं त्याची तीन मुद्रितं वाचली होती. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ पाहिले होते, कलमांचे आकडे ताडून घेतले होते. अर्थाकडं त्याचं लक्ष नव्हतं. कायद्याचं पुस्तक अर्थासाठी कोण वाचतं, असं त्याला तेव्हा वाटायचं. आता तो दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक प्रत घेऊन आला आणि दोघं ती घेऊन बसले.

वाचणं सोपं नव्हतं. प्रत्येक उदाहरणात 'अ' आणि 'ब' होते. अ हा ब कंपनीत नोकरीस आहे. अ याने नोकरीच्या काळात शोध लावला. ज्योतीराम म्हणाला, "हा अ कोणत्या शिफ्टला असतो, ते एकदा तरी सांगा म्हणावं."

पण पुस्तकात होतं. नोकरीला लागताना सही केलेल्या कागदामुळं शोधाची मालकी कंपनीकडे जाऊ शकते. जाऊ दे. ज्योतीरामला मालकी नकोच होती. शोधक कोण, ही मात्र घडलेली गोष्ट असते. ती कुणाच्या नावे करून देता येत नाही. आणि अठ्ठाविसावं कलम होतं. शोधक म्हणून आपलं नाव पेटंटमध्ये नोंदवा, असा अर्ज खरा शोधक स्वतः पेटंट कार्यालयाकडे करू शकतो. पेटंट मंजूर होण्याआधी करायचा. त्यानं पैसा मिळत नाही, हक्क मिळत नाही. फक्त नाव लागतं.

"फक्त नाव," ज्योतीराम म्हणाला. "मग अजून काय पाहिजे?"

त्यानं आधी कंपनीलाच विनंती करायचं ठरवलं. साहेब लोकांना सांगितलं नाही म्हणून राहिलं असेल, असं त्याचं म्हणणं. प्रज्वल नको म्हणाला. ज्योतीरामनं ऐकलं नाही. विनंती गेली आणि त्याला बोलावणं आलं.

खोलीत काय झालं ते त्यानं घरी येऊन सांगितलं, सगळ्यांचे आवाज काढून. एचआरच्या मॅडम फार गोड बोलल्या. चहा आला. शेवटी आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं त्या म्हणाल्या. इथं दीपमाला मध्येच बोलली, "कुटुंब आहे तर फोटोत घ्यायला काय झालं होतं?" मग मॅडमनी लॅपटॉप फिरवला आणि व्हिडिओ लावला. ढाल हातात घेतलेला ज्योतीराम. ही कल्पना आमची नाही. ते डोकं, आम्ही नुसते हात. मॅडम म्हणाल्या, हे तुमचेच शब्द आहेत ना? कुणी तुमच्यावर दबाव आणला नव्हता ना?

ज्योतीरामनं आवाज काढणं थांबवलं.

"मी म्हणालो, मॅडम, ते आभार होते."

मग मॅडम म्हणाल्या, आमच्यासाठी ते रेकॉर्ड आहे.

ते आभार होते. हे कळायला कुठल्या पुस्तकाची गरज आहे? आपल्याकडे आभार कसे मानतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिथं बसलेल्या एकेकानं निरोप समारंभात तेच केलं असेल. साहेबांच्या मार्गदर्शनाशिवाय मी कुणीच नव्हतो, असं म्हटलं असेल. म्हणून त्यांच्या पगाराच्या स्लिपवरून त्यांचं नाव कुणी खोडलं का?

प्रज्वलनं त्या रात्री पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो अर्ज शोधला. सापडला. टोपीचं नाव काय ठेवलं होतं, तर लवचीक कड्याच्या जोडणीसाठी अपसरणशील मार्गदर्शक आवरण, असं काहीसं इंग्रजीत. तीन नावं तीच. आणि अर्ज दाखल केल्याची तारीख. ती त्यानं पुन्हा पाहिली. ढालीवरची तारीख आठवली. खाली ज्योतीरामच्या घरी जाऊन ढाल उचलून खात्री करून आला.

अर्ज स्पर्धेच्या आधीचा होता.

पुस्तकात हेही होतं. शोध चारचौघांत उघड करण्याआधी अर्ज करावा लागतो, नाही तर तो नवा राहत नाही. कंपनीला कायदा नीट माहीत होता. म्हणून आधी अर्ज केला, तीन नावं घातली, आणि मग गटाला स्टेजवर नाटुकलं करायला पाठवलं. ज्योतीराम बबनरावांना डोकं म्हणाला, त्याच्या आधीच ते कागदावर डोकं झाले होते. त्या व्हिडिओवरून कुणी काही ठरवलं नव्हतं. घेऊन झालेल्या मालाची ती नंतर मिळालेली पावती होती.

प्रज्वलला राग यायचा, पण असा राग त्याला आधी आलेला नव्हता. ज्योतीरामला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्हणजे टाळ्या वाजवताना साहेबांना माहीत होतं."

आता अर्जच करायचा. अर्जासोबत निवेदन लागत होतं, शोध कसा लागला ते. शिवाय पाहिलेल्यांचा जबाब असेल तर बरं. लाइनवरच्या बहुतेकांनी नकाराची मान हलवली. काँट्रॅक्ट संपायला आलेलं, घरी हप्ते. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मीरासाहेब तयार झाले. आणि कुरुळीतल्याच अंबुबाई, स्वतः काँट्रॅक्टवर असलेल्या, पदर खोचून घरी आल्या.

"कुठं सही करायची? आन ह्ये सुदीक लिवा, माजी बोटं कशी व्हती ती. त्या फोटोतल्या येकाला तरी इचारा, रिंग कंच्या बाजूनं चढती. न्हाई सांगता यायचं. आमी गप बसतो म्हंजी आमाला दिसत न्हाई, आसं वाटतं का त्यास्नी?"

ज्योतीराम म्हणाला, "अंबुबाई म्हणजे आमच्या लाइनच्या चाचणीप्रमुख." त्या म्हणाल्या, "गप ऱ्हा. ह्या तुज्या पदव्यांनीच घात केला."

खरी अडचण निवेदनाची निघाली. अर्धा अर्धा तास बोलणारा माणूस, पण निवेदन लिहायला बसला की आभार मानायला लागायचा. पहिला मसुदा 'आईवडिलांच्या पुण्याईने' असा सुरू झाला. दुसऱ्यात कासार आला, ते बरोबरच होतं, पण कासारालाच शोधक करून टाकलेलं. तिसऱ्यात प्रज्वलचं नाव होतं. प्रज्वल खोडत राहिला. "भाऊ, 'मी' लिहा. मला सुचलं. मी कापलं. मी चढवून बघितलं." ज्योतीराम म्हणाला, "सारखं मी मी काय लिहायलाव राव, लोक काय म्हणतील?" प्रज्वल म्हणाला, "लोकांनी म्हणून झालंय." दीपमाला हसली नाही.

शेवटी निवेदन जमत आलं. बाजार, बांगड्या, पिशवी, दुधाच्या पिशव्या, मीरासाहेब, पहिली टोपी. एकच गोष्ट राहिली. बबनरावांचा यात वाटा काय, हे लिहायला हवं होतं, कारण त्यांचं नाव तिथं बसलेलं होतं. ज्योतीराम त्या ओळीपाशी आला की पेन खाली ठेवायचा. उद्या लिहू म्हणायचा.

तेवढ्यात बदलीचं पत्र आलं. तमिळनाडूतल्या होसूरच्या नव्या प्लांटला. टीम लीडर म्हणून, बढतीवर. काम काय, तर तिकडच्या लाइनला तीच टोपी वापरायला शिकवायची. नकार दिला तरी इथं त्याच्या जागी दुसरा माणूस येणार होता.

बबनराव पेढे घेऊन घरी आले. मोठा माणूस, घर छोटं, दीपमालानं खुर्चीवर चादर टाकली. ज्योतीराम उभाच होता. बबनराव होसूरच्या हवेबद्दल बोलले, तिकडच्या घरभाड्याबद्दल बोलले. प्रज्वल दारात उभा होता. त्याला राहवलं नाही.

"साहेब, ती कल्पना कुणाची होती?"

बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्योतीरामकडे मात्र पाहिलं नाही.

"सगळ्या लाइनला माहीत आहे कुणाची होती ते."

"मग तेवढंच लिहून द्या."

बबनरावांनी कप खाली ठेवला. "लिहून? पोरा, माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत. नाव वरून आलं. मला फक्त सही कर म्हणाले." पुढं म्हणाले, "मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाचं लागलं असतं. याचं लागलं नसतं."

हे खरं असेलही. पण खरं आहे म्हणून ते कमी वाईट होत नव्हतं. प्रज्वल आणखी बोलणार होता. ज्योतीरामनं हात वर केला.

"घरी आलेल्या माणसाला असं विचारतात का?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. प्रज्वलनं तो आवाज कधी ऐकला नव्हता, आणि तो प्रज्वलवर चढला होता. मग त्यानं बबनरावांना खालपर्यंत पोचवलं. गाडीचं दार उघडून दिलं. वर आला, पेढ्यांचा पुडा उचलला आणि न उघडता दीपमालाच्या हातात दिला. "वाटून टाक," म्हणाला. स्वतः घेतला नाही.

प्रज्वल त्या रात्री जेवला नाही. कंपनीचा राग होता, सल्लागाराचा होता, बबनरावांचा होता. ज्योतीरामचाही होता. आणि ज्योतीरामचा राग यावा, हीच त्या लोकांची खरी कमाई होती. ज्याचं नेलं त्यानं भांडायचं कसं, हेही आपणच त्याला शिकवायचं आणि जमलं नाही की त्यालाच बोल लावायचा. पुस्तकात खरा आणि पहिला शोधक कोण, यावर पानंच्या पानं होती. खऱ्या शोधकाला साहेबांची लाज वाटत असेल तर काय करायचं, यावर एक ओळ नव्हती. अ ला कधी लाज वाटत नाही. ब त्याच्या घरी कधी पेढे घेऊन येत नाही.

ज्योतीराम होसूरला गेला. जाताना पुस्तक घेऊन गेला, निवेदन प्रज्वलकडे ठेवून गेला. हरवेल म्हणाला. फोन येतो. तिकडं भाषा कळत नाही, त्यामुळं माइक मिळत नाही, असं हसत सांगतो. तिकडच्या पोरांना तो टोपी शिकवतो तेव्हा ती 'कंपनीची' म्हणून शिकवावी लागते. त्याबद्दल विचारलं की दुसरं काही बोलतो.

पेटंट अजून मंजूर झालेलं नाही. प्रज्वल संकेतस्थळ बघत असतो. अंबुबाईंचा जबाब आहे, मीरासाहेबांचा आहे. दोघांच्या सह्या झाल्यात. अंबुबाईंचं काँट्रॅक्ट पुढं वाढवलं गेलं नाही. त्याचं कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. भेटल्या की एवढंच म्हणतात, "त्याचं लिवून झालं का?"

झालेलं नाही. दुसऱ्या कुणाला ते लिहिता येत नाही. शोधकानं स्वतःच्या सहीनं द्यायचं असतं. प्रज्वल फोनवर म्हणतो, भाऊ, एक ओळ आहे, सांगा, मी लिहून पाठवतो, तुम्ही सही करा. ज्योतीराम म्हणतो, सांगतो, गुरुवारी निवांत सांगतो.

निवेदनाचं दुसरं पान अर्ध्यावर आहे. अक्षर ज्योतीरामचं, गोल, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. खाडाखोड नाही. सहीची जागा मोकळी. शेवटची ओळ अशी आहे: 'पहिल्या चाचणीच्या दिवशी श्री. बबनराव साहेबांनी लाइन थांबवू दिली, हे मी विसरणार नाही, परंतु सदर कल्पना'